दोरीवरचा सांगाडा आणि भीतीची मौज

अमेरिकेतील एखाद्या शहरातले चित्रपटगृह, साल १९५९. पडद्यावर एका जुन्या हवेलीचे तळघर दिसते आहे. तळघरात आम्लाने भरलेले कुंड आहे आणि त्या कुंडातून एक मानवी सांगाडा सावकाश वर येतो आहे. पडद्यावरची देखणी खलनायिका भीतीने मागे सरकते. नेमक्या याच क्षणी पडद्याजवळच्या पेटीतून अंधारात चमकणारा प्लॅस्टिकचा सांगाडा बाहेर पडतो आणि तारेवरून लोंबकळत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जाऊ लागतो. किंकाळ्या उठतात. त्यांच्यामागोमाग हशा उठतो. थोड्याच वेळात पॉपकॉर्नची खोकी त्या सांगाड्याच्या दिशेने भिरकावली जातात.

चित्रपटाचे नाव होते ‘हाउस ऑन हाँटेड हिल’. निर्माता-दिग्दर्शक विल्यम कॅसल. तारेवरच्या या सांगाड्याला त्याने ‘इमर्गो’ असे भारदस्त नाव दिले होते; जणू ते चित्रपटतंत्रातले नवे संशोधनच! प्रत्यक्षात ती एक दोरी, एक कप्पी आणि एक खेळणे एवढीच सामग्री होती. हे प्रेक्षकांनाही कळत होते. तरीही ते रांगा लावून येत होते, आणि दोरी दिसत असूनही ओरडत होते.

फसवणूक उघड दिसत असताना तिच्यात रमण्याचा हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. झपाटलेल्या घरांचे जुने भयपट आज पाहिले, तर त्यांतील भुते क्वचितच कोणाला घाबरवतात. करकरणारी दारे, विजेचा लखलखाट, मेणबत्ती हाती घेऊन जिन्याने उतरणारी नायिका, भिंतीआडून येणारा केसाळ हात या साऱ्याचे आता हसू येते. मात्र हे चित्रपट केवळ जुने झाले म्हणून विनोदी वाटतात, असे म्हणणे अपुरे आहे. त्यांतले हसू बऱ्याच अंशी आरंभापासूनच त्यांत पेरलेले होते.

वाड्याची वंशावळ

झपाटलेल्या वास्तूची गोष्ट साहित्यात जुनी आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या १७६४ सालच्या कादंबरीपासून इंग्रजीत अशा कथांची परंपरा सुरू झाली, असे मानले जाते. चित्रपटात ती आली ती मात्र रंगभूमीच्या वाटेने. १९२० साली ‘द बॅट’ आणि १९२२ साली ‘द कॅट अँड द कॅनरी’ ही नाटके न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आली आणि गाजली. दोन्हींचा साचा सारखाच होता. एकाकी घर, एक वादळी रात्र, मूठभर माणसे, त्यांच्यात लपलेला एक गुन्हेगार आणि प्रेक्षकांना आलटून पालटून दचकवणारे व हसवणारे प्रसंग.

नाटकवाल्यांना हा साचा मानवण्याचे कारण व्यावहारिक होते. एकाच नेपथ्यावर सारे नाटक उभे राहते, पात्रे मोजकी लागतात आणि बाहेर वादळ आहे एवढे सांगितले की कोणी घर सोडून का जात नाही, हा प्रश्नही मिटतो. हॉलिवूडलाही याच कारणांमुळे तो मानवला. जर्मनीतून आलेला दिग्दर्शक पॉल लेनी याने युनिव्हर्सल कंपनीसाठी १९२७ साली ‘द कॅट अँड द कॅनरी’ पडद्यावर आणले. एका धनिकाच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, मध्यरात्री, त्याचे मृत्युपत्र वाचले जाते. वारस ठरलेल्या तरुणीने आपण शहाण्या असल्याचे सिद्ध केले तरच तिला संपत्ती मिळणार असते, आणि साहजिकच तिला वेडे ठरवण्यासाठी कोणीतरी टपलेला असतो. लांबच लांब सावल्या, वाऱ्याने फुगणारे पडदे आणि पलंगाच्या उशाशी भिंतीतून बाहेर येणारा नखाळ हात ही दृश्ये लेनीने जर्मन चित्रपटांच्या छायाप्रकाशशैलीत रंगवली. पण त्यांच्यामध्ये भित्र्या नातेवाइकांचे विनोदही तितक्याच चोखपणे बसवले.

या काळातील अमेरिकी चित्रपटांचा एक अलिखित नियम होता. भूत शेवटी खोटे निघाले पाहिजे. मुखवटा ओढला की आतून लोभी पुतण्या, कारस्थानी वकील किंवा चोर बाहेर येई. १९३१ साली आलेल्या ‘ड्रॅक्युला’ने हा नियम मोडला आणि अमानवी शक्ती खरी असते, असे मानून चालणारे भयपट रुळले. तरी मुखवटा ओढण्याची परंपरा संपली नाही. भारतीय घरांतील मुलांना कार्टून वाहिन्यांवरून परिचित असलेली ‘स्कूबी-डू’ ही १९६९ साली सुरू झालेली मालिका याच परंपरेची वारस आहे.

व्हेलची मिस्कील नजर

या साच्याकडे मिस्कील नजरेने पाहणारा पहिला मोठा दिग्दर्शक म्हणजे जेम्स व्हेल. ‘फ्रँकेन्स्टाइन’ने (१९३१) जगाला घाबरवल्यावर लगेच पुढल्याच वर्षी त्याने ‘द ओल्ड डार्क हाउस’ केला. जे. बी. प्रीस्टली यांच्या १९२७ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला होता. वेल्सच्या डोंगराळ भागात मुसळधार पावसात अडकलेले प्रवासी एका घराचे दार ठोठावतात. दार उघडतो तो बोरिस कार्लोफने साकारलेला मुका, दाढीधारी, दारू प्यायल्यावर हिंस्र होणारा नोकर. घरातले लोक त्याहून चमत्कारिक. भाऊ घाबरट आणि तिरकस बोलणारा, बहीण बहिरी आणि कर्मठ, वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेला १०२ वर्षांचा म्हातारा आणि त्याच्याही वर कुलूपबंद खोलीत आणखी कोणीतरी.

व्हेलने या सगळ्यातून भयाइतकाच विनोद काढला. पाहुण्यांसमोर मांडलेले साधे जेवण, त्यातील बटाटे वाढण्याची यजमानाची थंड, तुटक पद्धत यांवरही प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी अस्वस्थ होतो. १०२ वर्षांच्या म्हाताऱ्याची भूमिका तर एल्स्पेथ डजन या अभिनेत्रीला दिलेली होती. श्रेयनामावलीत मात्र नाव ‘जॉन डजन’ असे पुरुषी छापले होते. दिग्दर्शकाने प्रेक्षकांशी केलेली ही खासगी थट्टाच म्हणायची.

हा चित्रपट पुढे कित्येक वर्षे हरवल्यातच जमा होता. व्हेलचा मित्र आणि स्वतः दिग्दर्शक असलेल्या कर्टिस हॅरिंग्टनने त्याचा शोध घेण्याचा ध्यास घेतला आणि १९६८ साली युनिव्हर्सलच्या साठ्यातून त्याची प्रत मिळवली. वादळात भिजलेल्या प्रवाशांत दिसणारी तरुण ग्लोरिया स्टुअर्ट हीच पुढे ‘टायटॅनिक’मध्ये (१९९७) वृद्ध रोझ म्हणून जगभरच्या प्रेक्षकांसमोर आली. एखादा चित्रपट जपला जाण्यासाठी त्यावर कोणाचे तरी प्रेम असावे लागते. हलकाफुलका समजला जाणारा चित्रपट तर अशा प्रेमावरच टिकतो.

घर गहाण ठेवणारा माणूस

पन्नासच्या दशकात हॉलिवूडपुढचे संकट खरोखरीचे होते. अमेरिकेतील बहुतांश घरांत दूरचित्रवाणी संच आला होता आणि घरबसल्या फुकट करमणूक मिळू लागल्यावर चित्रपटगृहे ओस पडू लागली होती. मोठ्या कंपन्यांनी रुंद पडदे आणि त्रिमितीय चित्रपट आणले. त्रिमितीय ‘हाउस ऑफ वॅक्स’ने (१९५३) व्हिन्सेंट प्राइस या नटाला भयपटांचा नायक केले. गंमत म्हणजे त्या चित्रपटाचा दिग्दर्शक आंद्रे द तोथ याला एकच डोळा होता, त्यामुळे स्वतःच्या चित्रपटाचा त्रिमितीय परिणाम त्याला दिसूच शकत नव्हता.

विल्यम कॅसलजवळ एवढे भांडवल नव्हते. १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या माणसाचे मूळ आडनाव श्लॉस. जर्मन भाषेत त्याचा अर्थ किल्ला किंवा गढी असा होतो. त्याचेच त्याने ‘कॅसल’ केले. कारागिराच्या सफाईने आणि ठरलेल्या वेळेत स्वस्त चित्रपट काढून देणारा दिग्दर्शक अशी त्याची ओळख होती. क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले दियाबोलिक’ (१९५५) पाहायला तरुणांच्या रांगा लागलेल्या त्याने पाहिल्या. लोकांना घाबरायचे आहे आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार आहेत, हे त्याने हेरले.

स्वतःचे घर गहाण ठेवून त्याने ‘मकाब्र’ (१९५८) हा चित्रपट काढला. चित्रपट फारसा भयावह झालेला नाही, याची त्याला कल्पना होती. म्हणून त्याने भीतीची जाहिरात केली. चित्रपट पाहताना भीतीने मृत्यू आल्यास वारसाला १,००० डॉलर देणारी विमा पॉलिसी त्याने लंडनच्या लॉइड्सकडून घेतली आणि प्रत्येक प्रेक्षकाला तिचे पत्र वाटले. काही ठिकाणी दाराशी परिचारिकेच्या वेषातील बायका आणि रस्त्यावर शववाहिका उभी केली. चित्रपटाने उत्तम धंदा केला. विमापत्र हातात घेऊन हसत आत शिरणारा प्रेक्षक अर्धी करमणूक दारातच पदरात पाडून घेत होता, हे कॅसलला उमगले आणि तेच त्याचे भांडवल ठरले.

दहा हजार डॉलरची रात्र

‘हाउस ऑन हाँटेड हिल’ या ७५ मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटाची कथा रॉब व्हाइट याने लिहिली. सुरुवातीला पडदा पूर्ण काळा राहतो. अंधारात नुसत्या किंकाळ्या, कण्हणे आणि साखळ्यांचे आवाज. मग एका घाबरलेल्या माणसाचे तोंड अधांतरी दिसते आणि या घरात आजवर सात खून झाल्याचे तो सांगतो. पाठोपाठ व्हिन्सेंट प्राइसने रंगवलेला फ्रेडरिक लॉरेन हा कोट्यधीश अत्यंत अदबीने प्रेक्षकांना मेजवानीचे आमंत्रण देतो.

मेजवानी त्याच्या पत्नीने मागितलेली आहे. पाच अनोळखी पाहुणे येतात : एक वैमानिक, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक स्तंभलेखिका, लॉरेनच्या कंपनीत काम करणारी एक गरजू तरुणी आणि या घराचा धास्तावलेला मालक. रात्रभर घरात राहील त्याला १०,००० डॉलर. मध्यरात्री दारे बंद होणार, खिडक्यांना गज आणि दूरध्वनी नाही. पाहुण्यांना भेट म्हणून छोट्या शवपेट्यांत ठेवलेली पिस्तुले वाटली जातात. नवराबायको एकमेकांशी ज्या गोड विखाराने बोलतात, ते ऐकताना या घरात भुतांची गरजच काय, असा प्रश्न पडावा.

चित्रपटाची बाह्यदृश्ये ज्या घराची आहेत, ते लॉस एंजेलिसमधील ‘एनिस हाउस’. फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुविशारदाने माया संस्कृतीच्या शिल्पांवरून सुचलेल्या नक्षीदार काँक्रीट ठोकळ्यांतून ते १९२४ साली उभारले. पाहुणे त्या आधुनिक वास्तूच्या दारातून आत शिरतात आणि आत मात्र झुंबरे, कोरीव जिने व जळमटे असलेली एकोणिसाव्या शतकातील हवेली निघते. बाहेरच्या घराचा आणि आतल्या घराचा काडीचा संबंध नाही. चित्रपट याची सफाई देत नाही, आणि प्रेक्षकही मागत नाही.

चित्रपटाचा शेवट इथे सांगणे भाग आहे, कारण या साऱ्या प्रकाराची किल्ली तिथे आहे. लॉरेनची पत्नी आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून कट रचलेला असतो. तरुणीला भीतीने वेडीपिशी करायचे, म्हणजे ती लॉरेनला गोळी घालील. तसे घडतेही. विजयी पत्नी तळघरात येते, तोच आम्लाच्या कुंडातून सांगाडा उठतो, नवऱ्याच्या आवाजात बोलतो आणि तिला कुंडात ढकलतो. नंतर सावलीतून लॉरेन पुढे येतो. तो जिवंत आहे आणि त्याच्या अंगावर दोऱ्या व चक्र असलेले एक यंत्र बांधलेले आहे. सांगाडा तोच नाचवत होता!

पडद्यावर लॉरेन दोऱ्या ओढत होता आणि चित्रपटगृहात कोणीतरी कर्मचारी कप्पीवरची तार ओढत होता. प्रेक्षक दोन्ही दोऱ्या पाहत होते. भुताची गोष्ट सांगता सांगता चित्रपट भुताचा कारखानाच उघडून दाखवतो आणि तरीही दचकवतो. जादूगाराने बाही वर करून युक्ती दाखवावी आणि पुन्हा तीच करून टाळ्या घ्याव्यात, तशी ही तऱ्हा आहे.

कॅम्प म्हणजे काय?

अशा आनंदाला इंग्रजीत ‘कॅम्प’ असा शब्द आहे. अतिरेकी, कृत्रिम, भडक गोष्टींचा त्यांच्या भडकपणासाठीच घेतलेला आस्वाद असा त्याचा ढोबळ अर्थ. अमेरिकी विदुषी सुसान सोंटॅग यांनी १९६४ साली या अभिरुचीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एक निरागस कॅम्प : कर्ता पूर्ण गांभीर्याने काही भव्य करू जातो, ते फसते आणि त्या फसण्यातच गोडवा येतो. दुसरा हेतुपुरस्सर कॅम्प : कर्त्याला आपण काय करतो आहोत, हे ठाऊक असते. सोंटॅग यांचा कौल पहिल्या प्रकाराकडे होता.

कॅसलचे चित्रपट या दोहोंच्या मधल्या जागेवर उभे आहेत. तो थट्टा करतो, पण प्रेक्षकाची नव्हे. व्हिन्सेंट प्राइसचा अभिनय हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. येल विद्यापीठात कलेतिहास शिकलेला, चित्रांचा जाणकार संग्राहक असलेला हा उंचापुरा, रेशमी आवाजाचा नट प्रत्येक वाक्य चवीने घोळवून उच्चारतो. भुवई किंचित वर जाते, ओठांच्या कोपऱ्यात हसू लपते. आपण एका खेळात आहोत, हे तो प्रेक्षकाला सुचवतो. पण खेळ मात्र जीव ओतून खेळतो. त्याने कंटाळून किंवा तुच्छतेने काम केले असते, तर हा डोलारा तत्काळ कोसळला असता. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ (१९८२) या गाण्यात ऐकू येणारा तो घोगरा, गडगडाटी हास्याचा आवाज प्राइसचाच. म्हणजे ज्यांनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनीही त्याची थट्टामिश्रित भीती अनुभवलेली आहे.

भीती आणि हसू यांचे नातेही समजून घेण्यासारखे आहे. दोन्हींत आधी ताण वाढतो आणि मग तो एका क्षणी सुटतो. झपाटलेल्या घराचे चित्रपट हे गणित काटेकोरपणे मांडतात. पावले वाजतात, दार हळूच उघडते, आणि आत मांजर निघते. प्रेक्षक हसून सैल होतो. त्याच सैल क्षणी खरा धक्का येतो. दचकल्यानंतर शेजारच्याकडे पाहून माणूस पुन्हा हसतो, कारण आपण दचकलो हे त्याला स्वतःलाच गमतीचे वाटते. एकट्याने पाहिल्यावर फिके वाटणारे हे चित्रपट भरलेल्या चित्रपटगृहात का रंगतात, याचे कारण इथे आहे. त्यांतला अर्धा खेळ पडद्यावर असतो, उरलेला खुर्च्यांमध्ये.

थरथरणाऱ्या खुर्च्या आणि दोन रंगांचे चष्मे

कॅसलने पुढे हा खुर्च्यांमधला खेळच वाढवला. ‘द टिंगलर’मध्ये (१९५९) भीतीमुळे माणसाच्या पाठीच्या कण्यावर वाढणारा एक जीव आहे आणि किंकाळी फोडली तरच तो निष्प्रभ होतो. हा जीव चित्रपटातल्या एका चित्रपटगृहात सुटतो. पडदा काळा होतो आणि प्राइसचा आवाज प्रेक्षकांना जीव वाचवण्यासाठी ओरडायला सांगतो. त्याच वेळी काही खुर्च्यांखाली बसवलेल्या छोट्या मोटारी थरथरू लागतात. या योजनेचे नाव ‘पर्सेप्टो’. याच कृष्णधवल चित्रपटात एका दृश्यात नळातून लालभडक रक्त वाहते. नेपथ्य आणि अभिनेत्री करड्या रंगात रंगवून ते दृश्य रंगीत फिल्मवर चित्रित केलेले आहे. स्वस्तातली म्हणून हिणवली गेलेली ही मंडळी युक्त्यांच्या बाबतीत किती कष्टाळू होती, याची ही साक्ष.

‘थर्टीन घोस्ट्स’मध्ये (१९६०) प्रत्येकाला लाल आणि निळी काच असलेला पुठ्ठ्याचा चष्मा मिळे. भुते पाहायची असतील तर लाल काचेतून पाहायचे, धीर होत नसेल तर निळ्या. ‘होमिसायडल’मध्ये (१९६१) शेवटापूर्वी पडद्यावर ४५ सेकंदांचे घड्याळ लागे, ज्याला सहन होत नसेल त्याने तेवढ्यात उठून जावे आणि पैसे परत घ्यावेत, मात्र त्यासाठी ‘भित्र्यांच्या कोपऱ्या’त सर्वांसमोर उभे राहावे लागे. भीती ही निवड आहे आणि ती प्रेक्षकाने स्वतः करायची आहे, हे सूत्र या सगळ्यांतून दिसते.

अशा स्वस्त भयपटांचे यश आल्फ्रेड हिचकॉकच्याही नजरेत भरले होते, असे चित्रपटांचे इतिहासकार नोंदवतात. ‘सायको’ (१९६०) हा त्याने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन कमी खर्चात, कृष्णधवल काढला आणि चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा कॅसलला शोभेल असा नियम जाहीर केला.

याच्या अगदी उलट टोकाला रॉबर्ट वाइजचा ‘द हाँटिंग’ (१९६३) आहे. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या कादंबरीवरील या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. बंद दार आतल्या बाजूला फुगते, भिंतीवर थापा ऐकू येतात, एवढेच. कलाकृती म्हणून तो अधिक उंचीवर आहे, यात वाद नाही. तरीही त्याच्या मोठेपणाने कॅसलचे चित्रपट निरर्थक ठरत नाहीत. वाइजच्या घरात प्रेक्षक एकटा पडतो. कॅसलच्या घरात त्याला सोबत मिळते.

आपल्याकडचे वाडे

भारतीय पडद्यानेही हे दोन्ही मार्ग आपल्या परीने चोखाळले. मुंबईत तयार झालेल्या ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वह कौन थी’ (१९६४) यांत गूढ अखेरीस माणसांच्याच करणीचे निघते. म्हणजे मुखवटा ओढण्याचीच परंपरा. रामसे बंधूंनी भूत खरे मानणारे भयपट काढायला घेतले आणि ‘पुराना मंदिर’ने (१९८४) मोठे यश मिळवले. त्यांच्या चित्रपटांतील दऱ्याखोऱ्यांतल्या हवेल्यांसाठी मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या राजवाड्याचाही उपयोग झाला. धूर, रंगीत प्रकाशझोत आणि जाड रंगरंगोटीची भुते पाहून सुशिक्षितांनी नाके मुरडली. छोट्या शहरांतल्या चित्रपटगृहांनी मात्र त्यांना उचलून धरले. मराठीत महेश कोठारे यांच्या ‘पछाडलेला’ने (२००४) झपाटलेला वाडा उघड विनोदासाठीच वापरला. भीती आणि हशा यांची सांगड मराठी प्रेक्षकाला परकी नाही, हे त्याच्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

भूत मोठे झाले, मौज घटली

१९९९ साली हॉलिवूडने ‘द हाँटिंग’ आणि ‘हाउस ऑन हाँटेड हिल’ या दोन्हींच्या नव्या आवृत्त्या काढल्या. दुसरीच्या निर्मितीसंस्थेचे ‘डार्क कॅसल’ हे नाव विल्यम कॅसलच्या स्मरणार्थ होते आणि तिच्यातील यजमानाचे आडनाव ‘प्राइस’ ठेवले होते. आदर पुरेपूर होता. संगणकाने घडवलेली भुते मूळच्या सांगाड्यापेक्षा शतपटीने सफाईदार होती. पण सफाईदार भुताची दोरी दिसत नाही, आणि दोरी दिसली नाही की तिला हसता येत नाही. प्रेक्षकाकडे मग फक्त घाबरणे किंवा कंटाळणे एवढेच उरते.

मूळ चित्रपट मात्र तगून आहे. अमेरिकेत त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही, त्यामुळे तो सार्वजनिक मालकीचा झाला. दूरचित्रवाणीवर, चित्रफितींवर आणि पुढे इंटरनेटवर तो मुक्तपणे फिरत राहिला. आजही काही हौशी चित्रपटगृहे त्याच्या खेळाला तारेवरचा सांगाडा सोडतात. लहानपणी कॅसलच्या खेळांना जाणारा जॉन वॉटर्स पुढे स्वतः नामवंत दिग्दर्शक झाला आणि २०१७ साली ‘फ्यूड’ या मालिकेत त्याने कॅसलचीच भूमिका केली. जो दांतेच्या ‘मॅटिनी’ (१९९३) चित्रपटातील भयपट-निर्माताही कॅसलवरूनच बेतलेला आहे.

स्वतः कॅसलला मात्र आयुष्यभर एक खंत राहिली. गल्लाभरू करामती करणारा माणूस ही ओळख त्याला पुसायची होती. आयरा लेविन यांच्या ‘रोझमेरीज बेबी’ या कादंबरीचे हक्क त्याने मोठ्या आशेने विकत घेतले. प्रतिष्ठेचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित करण्याची ही संधी होती. पॅरामाउंट कंपनीने दिग्दर्शन रोमन पोलान्स्कीकडे सोपवले आणि कॅसल निर्माता राहिला. १९६८ साली आलेला तो चित्रपट अभिजात ठरला. त्यात एका दृश्यात टेलिफोन बूथबाहेर एक माणूस घटकाभर उभा राहिलेला दिसतो. तो कॅसल. आपल्याच स्वप्नाच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला.

१९७६ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी तो गेला. ज्या कामाची त्याला थोडी लाज वाटत होती, त्याच कामासाठी तो आज आठवला जातो. मोठमोठ्या चित्रपटांनी प्रेक्षकांना थक्क केले असेल. कॅसलने त्यांना खेळात घेतले. अंधाऱ्या चित्रपटगृहात शेकडो अनोळखी माणसे एकाच वेळी ओरडून एकाच वेळी हसली, तेवढ्यापुरती कोणालाही कशाची भीती उरली नाही. दोरीवरच्या एका प्लॅस्टिकच्या सांगाड्याकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करावी?